भावजींचा पंखा

॥ श्री ॥
७ मार्च

भावजींस,

आशीर्वाद आधी घ्या, कारण पुढे तक्रार आहे. देवाच्या दयेने घरातली माणसे ठीक आहेत. पिकअप ठीक नाही. फोन केला नाही, कारण या घरात फोन एकच आणि तो ह्यांच्या खिशात. पिकअपबद्दल बाहेर कुणाशी बोललेले ह्यांना आवडत नाही, जणू मी ह्यांच्याच दुखण्याचा गवगवा करते आहे. म्हणून पत्र.

तुमचे दादा रोज सकाळी लाँड्रीतून इस्पितळाच्या धुतलेल्या चादरी टेकडीवर नेतात आणि मळलेल्या खाली आणतात, हे तुम्हाला माहीतच आहे. गेल्या महिन्यात चढावर गाडी दोनदा उकळली. दोन्ही वेळा हे कडेला उभे, रेडिएटरमधून वाफ, आणि वर वॉर्डात खाटा उघड्या. मोठ्या सिस्टर रागावल्या नाहीत, ते जास्त वाईट. शांतपणे म्हणाल्या, “तिसऱ्यांदा असे झाले तर मला दुसरी गाडी बघावी लागेल.” ते काम गेले तर पिकअप अंगणात शोभेला ठेवावी लागेल, आणि ती शोभेची नाही.

मिस्त्री म्हणतात, रेडिएटरमागच्या पंख्याच्या मधोमध तेलाची डबी असते, ती थकली. इंजिन तापले की तिने पंख्याला घट्ट धरून जोरात फिरवायचे, ते ती करत नाही. खरे म्हणजे तुमच्या आईंनी हे मिस्त्रींच्या आधी ओळखले होते. खिडकीत बसल्या बसल्या म्हणाल्या, “याचा घसा बसलाय.” मला वाटले, ह्यांच्याबद्दल बोलतात.

तर तुमच्या पार्टच्या दुकानातून नवी डबी पाठवा. कंपनीची पाठवा. कंपनीसारखी नको, कंपनीची. सोबत तुमचा शर्ट पाठवते आहे, मागच्या खेपेला विसरून गेलात तो. कॉलर झिजली होती, उलटून शिवली आहे. अजून दोन वर्षे काढेल.

तुमची वहिनी

१४ मार्च

वहिनी,

नमस्कार पोचवतो, पण रागातच. पार्सल उघडायला पक्कड लावली, मग पाना, आणि शेवटी दात. पांढऱ्या दोऱ्याची तुमची ती दुहेरी गाठ पूल बांधणाऱ्यांना दाखवायला हवी. कॉलर मात्र झकास. मालकांनी विचारलं, नवा शर्ट का. मी हो म्हणालो.

आता डबीचं. मी ती पाठवणार नाही. थांबा, पत्र मिटू नका.

तुमचा कंपनीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला बांधलेला. इंजिन जोरात तर तो जोरात, इंजिन हळू तर तो हळू. आता सांगा, टेकडीच्या चढावर गाडी कशी जाते? मुंगीसारखी. म्हणजे इंजिन सगळ्यात जास्त तापतं तेव्हाच पंखा आळसावतो. आणि पहाटे गार हवेत, गरज नसताना, थोडाफार फिरतच राहतो आणि डिझेल खातो. वहिनी, रिकाम्या खोलीत दिवा जळताना दिसला तर तुम्ही मला अंथरुणातून उठवून तो बंद करायला लावायचात. मग गरज नसताना पंखा फिरलेला तुम्हाला कसा चालतो?

विजेवरचा पंखा बसवा. तो बॅटरीवर चालतो, इंजिनाच्या वेगाशी त्याचं देणंघेणं नाही. पाणी तापलं की आपला आपण सुरू, निवलं की बंद. आवाजही जवळपास नाही. पिकअपच्या मापाचा एक आमच्याकडे आलाय. मी तो टेबलावर उभा करून चार दिवस चालवून पाहतोय. दुपारी दुकानाची भट्टी होते, पण माझ्या खुर्चीवर असा वारा येतो की आलेलं गिऱ्हाईक उठायचं नाव घेत नाही. पंखा पारखलेला आहे. तुम्ही फक्त हो म्हणा.

तुमचा धाकटा दीर

॥ श्री ॥
२० मार्च

भावजींस,

तुमचे पत्र मी पिठाच्या डब्याखाली ठेवले होते. नेमका ह्यांनी कधी नव्हे तो डबा उचलला. आता हेही तुमच्यासारखेच बोलू लागले आहेत, म्हणजे जेवताना “बरोबर आहे त्याचे” एवढे म्हणाले. ह्यांच्या मानाने ते भाषणच झाले. दोघे भाऊ एका बाजूला आणि मी कंपनीच्या बाजूला, असा सामना आहे.

दिव्याचे तुम्ही बरे काढलेत. पण दिव्याचे बटण माझ्या हातात असते. तुमचा पंखा आपला आपण सुरू आणि आपला आपण बंद. इतका समजूतदार या घरात अजून कुणी निघालेला नाही, म्हणून मला शंका येते. चढावर त्याची एखादी वायर सुटली तर? कंपनीच्या पंख्याला वायरच नाही, सुटणार काय? ज्यांनी गाडी घडवली त्यांनी पंख्याचाही विचार केला असेलच ना. प्रेशर कुकरला मी एकदा स्वस्तातली रिंग लावली होती, तेव्हा आमटी कुठे कुठे पोचली ते तुम्हीच खुर्चीवर चढून पुसले होते.

आणि आवाज नाही, हा तुम्ही गुण म्हणून सांगितलात. जुना पंखा धडधाकट होता तेव्हा कोपऱ्यावर वळतानाच त्याची घरघर ऐकू यायची. आईंचा मोतीबिंदू काढला तरी त्यांना लांबचे धूसरच दिसते. त्या खिडकीशी बसून ऐकायच्या आणि म्हणायच्या, “आला.” मग मी ताटे घ्यायची. ह्यांचे पाय धुऊन होईपर्यंत वाढून तयार. पंख्याचा घसा बसल्यापासून त्यांना काही कळत नाही. संध्याकाळ झाली की दर थोड्या वेळाने विचारतात, आला का. हे समोर येऊन उभे राहिले तरी हात लावून पाहतात. असो, पंख्याच्या वादात हे कशाला, मी उगाच लिहिले.

पाठवा तुमचा पंखा. टेकडीपुढे माझा हट्ट मोठा नाही, आणि सिस्टरनी महिनाअखेरीपर्यंत पाहते म्हटले होते ते आता एप्रिलअखेरीपर्यंत म्हटले आहे. ही देवाचीच कृपा. मात्र जुना पंखा मी भंगारात देणार नाही. तेल लावून, गुंडाळून ठेवणार. तुमचा रुसला की हा आहे.

आई विचारतात, धाकटा कधी येतो. मागच्या वेळी शर्ट विसरून गेलात, यावरून किती निवांत होतात ते त्यांना कळलेच आहे.

तुमची वहिनी

२७ मार्च

वहिनी,

पत्र पंख्यासोबतच पाठवतोय, ट्रान्सपोर्टवाला ओळखीचा आहे, दारात आणून देईल. खोका साध्या गाठीने बांधलाय. माणसांसाठी बांधलाय.

मिस्त्रींना सांगा, जुन्या पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कडं फेकू नका, तेच नव्याला बसवायचं. म्हणजे ओढलेली हवा इकडेतिकडे न जाता रेडिएटरमधूनच येईल. बघा, कंपनीचा मान ठेवलाय. वायरींची जोडणी मी करून दिली आहे, दुकानात चाललेला पंखा जसाच्या तसा खोक्यात घातलाय. त्यांनी फक्त बॅटरीला लावायचं. गाडी बंद केल्यावरही तो काही वेळ फिरत राहील, इंजिन निवेपर्यंत. घाबरू नका, भूत नाही.

आईला सांगा, येतो. मार्चअखेर म्हणजे हिशेब, एप्रिलात माल मोजायचा. ते आटोपलं की येतोच. मालक सुट्टी देताना खिशातून काढून देतात तसं करतात.

दादाला सांगा, बोलत जा थोडं.

तुमचा धाकटा दीर

॥ श्री ॥
५ एप्रिल

भावजींस,

पंखा बसला. दिसायला देखणा आहे, तुमच्यावर गेला आहे. कामाचे विचाराल तर तेही तुमच्यावर गेले आहे.

सपाट रस्त्यावर उत्तम. चढाला लागले की काटा वर. ह्यांनी आता शहाणपण केले, काटा लाल रेघेच्या जवळ जायच्या आतच अर्ध्या चढावर गाडी थांबवतात, निवू देतात, मग पुढे. त्यासाठी घरातून लवकर निघतात. चादरी अजून वेळेवर पोचत आहेत, गाडी उकळलेली नाही, म्हणून तिसरी वेळ मोजली गेली नाही. पण थांबलेली गाडी सिस्टरनी एकदा वरच्या गॅलरीतून पाहिली, असे हे म्हणाले. ऊन वाढते आहे. रोज देवापुढे दिवा लावताना मी आता गाडीच्या काट्याचेही सांगते. देवाला यंत्रातले कळत असेल अशी आशा आहे.

आवाज खरेच नाही. परवा हे अंगणात येऊन, पाय धुऊन, आईंच्या शेजारी बसले, तरी त्या मला विचारत होत्या, अजून कसा आला नाही. हे म्हणाले, आलो ना आई. त्या इतक्या दचकल्या की हातातली माळ खाली पडली.

आणखी एक तक्रार आहे, लहानशी, पण लिहिते. गाडी परत आली की तिच्या पुढच्या जाळीवर मी ओटा पुसायची फडकी वाळत घालते. इंजिनाची ऊब फुकट का घालवायची? इतकी वर्षे घालते आहे, कंपनीच्या पंख्याने कधी हरकत घेतली नाही. तुमचा पंखा गाडी बंद झाल्यावर फिरत राहतो आणि माझी फडकी उडवून देतो. जाळीवर टाकली की फुगतात आणि थेट अंगणात. काल एक फाटकापाशी सापडले, एक माझ्या तोंडावर आले. फडक्याला चिमटा लावावा लागतो, असली गाडी मी पाहिली नाही. पंख्याला थोडी रीत शिकवून पाठवायला हवे होते.

तुमची वहिनी

१० एप्रिल

वहिनी,

तुमचं पत्र वाचून मी दुकानात मोठ्याने हसलो, आणि लगेच गप्प झालो.

फडकी उडून पुढे येतात? तोंडावर? वहिनी, पंखा रेडिएटरच्या मागे आहे. त्याने बाहेरची हवा आत ओढायची. फडकं जाळीला चिकटून बसायला हवं. ते उडतंय, म्हणजे पंखा उलटा फिरतोय, इंजिनाची गरम हवा बाहेर ढकलतोय. सपाट रस्त्यावर वेग असतो, समोरचा वारा जिंकतो. चढावर गाडी हळू, तिथे पंखा जिंकतो आणि हवा मधल्यामधे अडकते. म्हणून काटा वर.

आता हे कसं झालं ते सांगतो, पण दादाला वाचून दाखवू नका. टेबलावर तो पंखा एकाच बाजूने उभा राहायचा आणि वारा भिंतीकडे जायचा. मला हवा होता खुर्चीकडे. म्हणून मी दोन वायरींची अदलाबदल केली. चार दिवस मजेत वारा खाल्ला. आणि मग तुम्हाला तो तसाच, जसाच्या तसा, खोक्यात घालून पाठवला. पारखलेला.

उपाय अगदी सोपा आहे. पंख्याजवळ लाल आणि काळी वायर आहे. बॅटरीचं टोक काढायचं, दोन्ही वायरी सोडायच्या, लालच्या जागी काळी आणि काळीच्या जागी लाल जोडायची, वर टेप गुंडाळायची. मिस्त्री चहा निवायच्या आत करतील. मग फडकं टाकून बघा. चिकटलं की जिंकलो.

चढावर काही होऊ नये. मला झोप लागत नाहीये.

तुमचा शरमिंदा दीर

॥ श्री ॥
१५ एप्रिल

भावजींस,

पत्र पोचले. ह्यांना वाचून दाखवू नका म्हणालात, मी दाखवले नाही. ह्यांनी स्वतः वाचले. वाचून जे हसले, ते आईंनी आतल्या खोलीतून ऐकले आणि विचारले, घरात कोण आले आहे. ह्यांचे हसू त्यांनी बऱ्याच दिवसांत ऐकले नव्हते.

म्हणजे साहेबांना खुर्चीत वारा हवा म्हणून इस्पितळाच्या चादरी अर्ध्या चढावर थांबत होत्या. कंपनीच्या माणसांनी खुर्चीत बसून वारा खाल्ला असता तर पिकअप कधी बाजारात आलीच नसती.

तुम्ही लिहिता सोपे आहे. मिस्त्रींचे हात एका मोठ्या ट्रकमध्ये अडकले आहेत, ते या आठवड्यात येणार नाहीत. ह्यांना विचारले लाल वायर कोणती, तर हे म्हणाले दोन्ही सारख्याच मळल्या आहेत. मी मॅट्रिक झालेली बाई, आमच्या परीक्षेला वायरी नव्हत्या. सिस्टर महिनाअखेरीस पुढच्या वर्षाच्या कागदावर सही करणार की नाही ते ठरवणार आहेत. उकळलेल्या गाडीला तेव्हा माफी नाही.

तेव्हा ज्याचा पंखा त्याने येऊन आपल्या डोळ्यांनी पाहून जावा, हे बरे. मालकांना सांगा, घरी पाठवलेला माल उलटा निघाला, दुरुस्तीला जायचे आहे. दुकानाच्या अब्रूचा प्रश्न आहे म्हणा. अब्रूसाठी सुट्टी मिळते, आईसाठी मिळत नाही, असे दिसते.

तुमची वहिनी

२६ एप्रिल

वहिनी,

सुखरूप पोचलो. बसमध्ये बसायला जागा मिळाली. तुम्ही दिलेल्या डब्याची गाठ अर्ध्या रस्त्यात सुटली, म्हणजे मी सोडवली, म्हणजे शेजारच्या प्रवाशाने चाकू दिला.

आता मला एक गोष्ट विचारायची आहे. शुक्रवारी अंगणात मी बॉनेट उघडलं, तेव्हा आई खुर्ची घेऊन शेजारीच बसली होती, गाडीच्या पत्र्यावर हात ठेवून. म्हणून मी काही बोललो नाही. पण वहिनी, वायरी आधीच बदललेल्या होत्या. लालच्या जागी काळी, काळीच्या जागी लाल. वर नीट टेप, आणि टेपवरून पांढरा दोरा, आणि दोऱ्याला ती दुहेरी गाठ. जगात अशी गाठ मारणारं एकच माणूस मला माहीत आहे.

आई विचारत होती, अवघड आहे का रे. मी म्हणालो, आहे थोडं. मग तिला ऐकू यावं म्हणून बराच वेळ उगाच पाना इकडून तिकडे वाजवत बसलो. तिने मला लहानपणाचं सगळं सांगितलं, मी कोणकोणती घड्याळं उघडून बिघडवली तेही.

शनिवारी दादासोबत टेकडीवर गेलो. काटा मध्यावरून हलला नाही. मी म्हणालो, बघ दादा, काम झालं. तर दादा आपल्या पद्धतीने एकच वाक्य बोलला, “आठवडाभर असाच चढतोय.” आणि लगेच त्याच्या लक्षात आलं की हे बोलायचं नव्हतं. पुढचा सगळा चढ तो कान लाल करून समोर बघत होता. वर सिस्टरनी कागदावर सही केली आणि मला म्हणाल्या, तुम्हीच का ते पंखेवाले.

तर सांगा. पंधरा तारखेच्या पत्रात हे काय लिहिलं होतंत? देवाधर्माचं माणूस तुम्ही.

तुमचा धाकटा दीर

॥ श्री ॥
२ मे

भावजींस,

गाठ माझीच. तुमचे पत्र आले त्याच दुपारी ह्यांनी वायरी धुऊन दिल्या आणि मी जोडल्या. शिलाई मशीनचा पट्टा बदलण्यापेक्षा सोपे निघाले. फडके जाळीवर टाकले तर असे चिकटले की ओढून काढावे लागले. देवाला त्याच दिवशी सांगून टाकले.

पण माझे ते पत्र पुन्हा काढून वाचा. मिस्त्री खरेच ट्रकमध्ये अडकले होते. मी विचारले तेव्हा ह्यांनी वायरी धुतल्या नव्हत्या, त्या सारख्याच मळक्या होत्या. माझ्या परीक्षेला वायरी नव्हत्या, हे शाळेत जाऊन विचारा. आणि पंखा बिघडलेला आहे असे मी कुठेही लिहिलेले नाही, येऊन पाहून जा एवढेच लिहिले. एकही वाक्य खोटे नाही. सगळे लिहिले नाही, एवढाच काय तो दोष, आणि तो पाप-पुण्याच्या कुठल्या बाजूला मांडायचा ते मला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही पाना वाजवलात, तोही त्याच्याच शेजारी मांडावा लागेल.

सही झाली, वर्षाची काळजी मिटली. जुना पंखा माळ्यावर आहे, तेल लावून, गुंडाळून, बांधून. त्याची गाठ सोडायची वेळ येईल असे आता वाटत नाही. मी कंपनीची बाजू सोडलेली नाही, पण भांडण सोडले आहे.

कालचे सांगते. संध्याकाळी हे आले. कोपऱ्यावर आवाज नाही, काही नाही. गाडी अंगणात लागली, इंजिन बंद झाले. मग तुमचा पंखा फिरत राहिला, तुम्ही लिहिले होते तसा, इंजिन निवेपर्यंत. अगदी बारीक आवाज, आतल्या आत गुणगुणल्यासारखा. मी आजवर लक्षच दिले नव्हते. हे आत आले, पाय धुतले. आई खिडकीशी मान वळवून बसल्या होत्या. मला वाटले, आता विचारतील, आला का.

त्या म्हणाल्या, “मोठा आत आला. धाकटा बाहेर गुणगुणतोय, निवू दे जरा, येईल.”

मी जेवणाची ताटे घेतली. घेताना एक जास्त घेतले गेले. जेवणे झाल्यावर तेही धुवावे लागले. तो साबण तुमच्या नावावर लिहून ठेवला आहे. येऊन चुकता करा.

तुमची वहिनी